लाहोरचा मारवा आणि पुण्याची कचेरी



चरित्रपट पाहताना लोक नायकाचे गाणे ऐकतात. आम्ही कामगार चळवळीतली माणसे त्याचा पगार शोधतो. जन्मभर मागणीपत्रके लिहिली, तेव्हा ही खोड आता जायची नाही. १ एप्रिल २०२२ रोजी प्रदर्शित झालेला निपुण धर्माधिकारी यांचा ‘मी वसंतराव’ आम्ही याच नजरेने पाहिला. आजोबांची भूमिका नातवाने, राहुल देशपांडे यांनी, केली आहे. पण आमचे मन गुंतले ते नायकाच्या पोरवयात.

वसंतराव देशपांडे यांचा जन्म २ मे १९२० चा, वऱ्हाडातील मूर्तिजापूरचा. आईने त्यांना एकटीने नागपुरात वाढविले. अनिता दाते यांनी उभी केलेली ही आई, आमच्या मते, या चित्रपटाचा पाया आहे. नवऱ्याचे घर सोडून मूल पदराशी घेतलेल्या बाईला त्या काळी काय काय ऐकावे लागले असेल, ते सांगायला नको. अशा घरात गाण्याची शिकवणी म्हणजे चैनच. ती तिने पोराला दिली. गुरू शंकरराव सप्रे. पुढे संगीतकार म्हणून गाजलेले सी. रामचंद्रही त्यांच्याकडेच शिकले.

१९३५ मध्ये भालजी पेंढारकरांच्या ‘कालियामर्दन’ या बोलपटात हा मुलगा कृष्ण झाला. त्याच किशोरवयात मामांबरोबर तो लाहोरला गेला आणि असद अली खाँ यांच्याकडे मारवा शिकला. मारवा हा सांजवेळेचा राग. त्यात पंचम नाही, ऋषभ कोमल, मध्यम तीव्र. आणि षड्जावर फार वेळ टेकायचेही नाही. घर समोर दिसावे आणि उंबरा ओलांडता येऊ नये, अशी ती अवस्था. मिसरूड न फुटलेल्या पोराने हे दुःख गळ्यात साठवून परत आणले. १९४७ नंतर नागपूरच्या पोराला ती वाटच उरली नाही.

मास्टर दीनानाथांच्या गायकीचा संस्कार तर होताच. पुढे सुरेशबाबू माने आणि अमान अली खाँ यांच्याकडूनही वसंतरावांनी घेतले. इतक्या ओसऱ्यांवर बसलेल्या माणसाला जाणकार विचारू लागले, घराणे कोणते? हा प्रश्न आम्हांला चांगला ओळखीचा आहे. आम्ही नववीत शाळा सोडली. कामगार कायदे संघटनेच्या कचेरीतल्या बाकावर बसून वाचले. वाटाघाटीत समोरच्याचा मुद्दा संपला, की तो हमखास आमचे शिक्षण विचारतो!

येथे किहीममध्ये तरी दाखल्याचे एवढे कौतुक नसावे. पदवी नाही म्हणून सलीम अली यांना प्राणिशास्त्र सर्वेक्षणात नोकरी मिळाली नव्हती. १९३० मध्ये ते जर्मनीहून परतले, तो मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची जागाही पैशाअभावी बंद झालेली. मग हा बेकार माणूस पत्नी तेहमिना यांच्यासह याच गावी येऊन राहिला आणि सुगरण पक्ष्याची घरटी न्याहाळीत बसला. नर एकामागून एक घरटी विणतो आणि एकामागून एक माद्यांशी संसार मांडतो, हे त्यांनी इथे पाहून जगाला सांगितले.

वसंतरावांना मात्र कचेरी गाठावी लागली. पुण्याच्या लष्करी हिशेब खात्यात ते कारकून झाले आणि वीसहून अधिक वर्षे राहिले. रात्री मैफल, सकाळी हजेरीपुस्तक. चित्रपटाने ही नोकरी लपविली नाही, नेफातली बदलीसुद्धा दाखविली, म्हणून आम्ही त्याला मानतो. कारकुनी म्हणजे कलावंताचा वनवास, असे म्हणणारे पुष्कळ. पण त्याच पगारावर चूल पेटत होती, हे आम्ही विसरू शकत नाही. तक्रार करायचीच तर वेगळी करू. असा गळा असलेल्या माणसाला निर्वेध बसून गाता येईल एवढे वेतन समाजाने दुसऱ्या कोणत्या वाटेने दिले होते?

२४ डिसेंबर १९६७ रोजी पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या ‘कट्यार काळजात घुसली’ नाटकाचा पहिला प्रयोग झाला. संगीत जितेंद्र अभिषेकींचे, खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव. तेव्हा कुठे घरोघरी हा गळा पोचला. बोलपटातल्या कृष्णाला बत्तीस वर्षे लोटली होती, वय सत्तेचाळीस झाले होते. ३० जुलै १९८३ रोजी ते वारले. म्हणजे त्या प्रयोगानंतर त्यांच्या वाट्याला साडेपंधरा वर्षे आली.