वैद्याची नाडी कोणी पाहावी?

वैद्यकाच्या इतिहासात रोग आहेत, औषधे आहेत, थोर वैद्यही आहेत. आजारी वैद्य मात्र क्वचितच भेटतो. आपल्याकडील सुभाषितांनी वैद्याला यमाचा भाऊ ठरवून त्याची थट्टा केली, परंतु या यमबंधूचेही मन कधी खचत असेल, हा विचार तेथे नाही. हिपोक्रेटसच्या नावाने चालत आलेल्या शपथेत गुरू आहे, रुग्ण आहे, गुप्ततेचे वचन आहे. शपथ घेणाऱ्याच्या आजारपणाला तिच्यात जागा नाही. ही उणीव प्रथम साहित्याने ओळखली, असे आम्हांला वाटते.

अंतोन चेखव १८८४ साली मॉस्को विद्यापीठातून डॉक्टर होऊन बाहेर पडला आणि त्याच वर्षाअखेरीस त्याच्या खोकल्यातून रक्त पडले. त्या रक्ताचा अर्थ त्याला कळला नसेल, हे संभवत नाही. तरीही १८९० मध्ये तो साखालिन बेटावर गेला, १८९२ च्या पटकीच्या साथीत मेलिखोवोच्या आसपासच्या खेड्यांतून विनावेतन राबला. मार्च १८९७ मध्ये जेवणाच्या टेबलावर मोठा रक्तस्राव झाला, तेव्हा कोठे तो रुग्णालयात दाखल झाला आणि क्षयाचे निदान झाले. जाणणे आणि कबूल करणे यांच्यात बारा वर्षांहून अधिक अंतर पडले.

हे अंतर त्याच्या कथांत आधीच उतरले होते. ‘कंटाळवाणी गोष्ट’ (१८८९) या कथेतील वृद्ध वैद्यकीय प्राध्यापक स्वतःचे निदान स्वतःच करतो, आपले निदान चुकीचे ठरावे म्हणून ग्रंथ चाळतो, रोज औषध बदलतो. सहकाऱ्याकडे मात्र जात नाही.

‘वॉर्ड नंबर सहा’ (१८९२) ही कथा याहून कठोर आहे. तिच्याकडे रशियाचे रूपक म्हणून पाहण्याची प्रथा आहे आणि ती चुकीची नाही. परंतु आमचे लक्ष डॉक्टर रागिनला मिळणाऱ्या ‘मदती’कडे जाते. गावातील मंडळी त्याला एका बैठकीस बोलावतात आणि आज तारीख कोणती, असे प्रश्न विचारू लागतात. ही आपल्या मनाची तपासणी आहे, हे त्याला उशिरा उमगते. पुढे त्याचा सहकारी खोबोतोव एका रोग्याविषयी सल्ला हवा, असे सांगून त्याला सहाव्या वॉर्डात नेतो आणि तेथेच तो कोंडला जातो. रागिन निर्दोष नाही, त्याने त्या वॉर्डाकडे वर्षानुवर्षे डोळेझाक केली होती. पण विचारपूस आणि चौकशी, उपचार आणि शिक्षा यांचे दार एकच असेल, तर त्या दारावर आपण होऊन थाप कोण मारील?

वास्तवातही हे दार बराच काळ एकच राहिले. १९७३ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात ‘आजारी डॉक्टर’ या विषयावर अहवाल आला आणि डॉक्टरांचे मानसिक आजार व व्यसने यांची व्यवसायाने उघड दखल घेतली. मात्र तेथील अनेक राज्यांत परवान्याच्या अर्जावर पूर्वीच्या मानसोपचारांविषयीही प्रश्न विचारले जात राहिले. आज काम करता येते की नाही, एवढेच विचारून भागत नव्हते.

न्यूयॉर्कमधील एका रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागाच्या प्रमुख डॉ. लॉर्ना ब्रीन कोविडच्या पहिल्या लाटेत स्वतः आजारी पडल्या, पुन्हा कामावर गेल्या आणि २६ एप्रिल २०२० रोजी त्यांचा आत्महत्येने मृत्यू झाला. मदत घेतली तर परवाना जाईल, ही भीती त्यांना होती, असे कुटुंबीयांनी सांगितले. मार्च २०२२ मध्ये त्यांच्या नावाने आरोग्यसेवकांच्या मानसिक आरोग्यासाठी कायदा झाला, आणि अनेक राज्यांच्या मंडळांनी अर्जातील असे प्रश्न बदलले.

त्याआधी, २०१७ मध्ये, जागतिक वैद्यकीय संघटनेने १९४८ च्या जिनिव्हा प्रतिज्ञेत एक कलम जोडले: डॉक्टर स्वतःच्या आरोग्याकडेही लक्ष देईल. एकोणसत्तर वर्षांनी शपथेत शपथ घेणारा आला. तोही रुग्णाला उत्तम सेवा मिळावी, एवढ्यासाठीच आला, हे विसरता येत नाही. केवळ माणूस म्हणून बरे होण्याचा त्याचा हक्क त्या वाक्यातही उच्चारलेला नाही. तो शोधायचा तर आम्हांला अजून चेखवकडेच जावे लागते.