झाडावर हात टाकण्याचा परवाना

कनेक्टिकट राज्यात दुसऱ्याच्या झाडाची छाटणी किंवा औषधोपचार पैसे घेऊन करायचे, तर आधी परीक्षा द्यावी लागते. हा नियम १९१९ पासूनचा. मीही ती परीक्षा दिली आहे, लेखी आणि नंतर तोंडी. लेखीपेक्षा तोंडी अवघड. विचारणारे स्वतः आयुष्यभर झाडांवर चढलेले असतात. समोर डहाळ्या, पानं, किडीने पोखरलेले साल-लाकडाचे तुकडे. झाड ओळखा, दुखणं ओळखा, आणि मग सांगा, मालकाला काय सल्ला द्याल? ‘काहीच करू नका’ हेही कधीकधी बरोबर उत्तर असतं.

मी तासगावच्या द्राक्षबागेत वाढले. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, कात्री कितव्या डोळ्यावर लावायची, हे आमच्याकडे छाटणीच्या टोळीतल्या प्रत्येकाला पाठ. पण वेल दरवर्षी फळासाठी कापायची असते. रस्त्याकडेच्या झाडाने मात्र दीडशे-दोनशे वर्षं माणसांच्या डोक्यावर उभं राहायचं असतं, आणि आज चुकलेल्या कापाचा हिशेब वीस वर्षांनी एखादी फांदी मोटारीवर कोसळते तेव्हा लागतो. तोवर कापणारा कुठे असतो? परीक्षेची गरज इथून निघते.

कनेक्टिकटमधलं न्यू हेवन हे शहर एल्मच्या झाडांसाठी नावाजलेलं. अठराव्या शतकाच्या अखेरीस जेम्स हिलहाउस या गृहस्थांनी पुढाकार घेऊन रस्त्यांच्या दुतर्फा एल्म लावले आणि शंभर वर्षांत त्यांच्या कमानी झाल्या. मग संकटं एकामागून एक आली. युरोपातून आणलेल्या जिप्सी मॉथ या पतंगाच्या अळ्या मॅसॅच्युसेट्समधून पसरल्या. १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात चेस्टनटच्या झाडांवर एक बुरशी सापडली, आणि पुढच्या पन्नासेक वर्षांत अमेरिकेतले अब्जावधी चेस्टनट मेले. अंगणातलं झाड वाळताना बघून लोक घाबरले की दारोदार औषध विकणारे येतातच. खोडाला भोकं पाडून गुणकारी द्रव भरून देणारे, सालीला काहीतरी फासून पैसे घेऊन दुसऱ्या गावी जाणारे. जाणकार नव्हते असं नाही. इंग्लंडच्या सॉमरसेटहून आलेल्या जॉन डेव्ही यांनी १९०१ मध्ये ‘द ट्री डॉक्टर’ हे पुस्तक काढलं होतं आणि ओहायोतल्या केंट गावी माणसं शिकवून तयार केली होती. पण दारात उभा असलेला माणूस शिकलेला की बनेल, हे घरमालकाने ओळखायचं कसं? १९१९ च्या कायद्याने त्याला एक प्रश्न हाती दिला: परवाना दाखवा.

परवान्याची ही परीक्षा एक मंडळ घेतं. त्या मंडळाने पुढे आणखी एक मोलाचं काम केलं. १९२४ मध्ये स्टॅमफर्डला संशोधक आणि प्रत्यक्ष झाडावर चढणारे यांची एकत्र बैठक बोलावली. माणसं चाळीसच्या आसपास. त्या बैठकीतूनच आजची ‘इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर’ ही वृक्षसंगोपनाची संस्था उभी राहिली. प्रयोगशाळेतला आणि दोरावरचा एका टेबलाशी बसले, ही मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

कारण तेव्हाच्या जाणत्यांचंही पुष्कळ चुकत होतं. खोडातली ढोली कोरून, खरवडून साफ करायची आणि किडक्या दातात चांदी भरावी तसं तिच्यात सिमेंट भरायचं, ही मानाची कारागिरी होती. फांदी कापायची ती खोडाशी अगदी सपाट, वर डांबर किंवा रंग. दिसायला काम सुबक. त्या काळी हीच उत्तम पद्धत समजली जाई.

ती मोडीत काढली ॲलेक्स शायगो यांनी. ते अमेरिकेच्या वनखात्यात झाडांच्या कुजीचा अभ्यास करत. तोवर लाकूड आडवं कापून बघत. शायगोंनी चेनसॉने हजारो झाडं उभी चिरली आणि जखमेच्या आत वर्षानुवर्षं काय घडतं ते पाहिलं. झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती भिंती घालतं, त्याला कोंडून टाकतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवत जातं. ढोली साफ करणारी छिन्नी नेमकी तीच भिंत फोडत होती. सपाट काप फांदीच्या बुडाशी असलेला फुगीर कडा उडवत होता, आणि झाडाचा बचाव त्या कड्यातच असतो. १९७७ मध्ये वनखात्याने ही मांडणी पुस्तिकेच्या रूपात छापली. पन्नास-साठ वर्षांची हातोटी चुकीची ठरली. अनेकांना ते पचायला वेळ लागला, पण शेवटी अभ्यासक्रम बदलला.

स्टॅमफर्डच्या बैठकीतून निघालेल्या त्या संस्थेची ‘सर्टिफाइड आर्बोरिस्ट’ म्हणजे प्रमाणित वृक्षतज्ज्ञाची परीक्षा १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आकाराला आली. तिच्यासाठी तीन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव लागतो. त्या विषयातलं शिक्षण असेल तर काही सूट. प्रश्न दोनेकशे: माती, मुळं, छाटणी, रोग, धोक्याची पारख, चढताना घ्यायची काळजी. ही अनुभवाची अट जाचक वाटते, पण वाळलेल्या ॲशवर काम केलं की पटते. एमराल्ड ॲश बोरर हा भुंगेरा २०१२ मध्ये कनेक्टिकटमध्ये सापडला, तेव्हापासून मेलेले ॲश उतरवणं हा आमचा नित्याचा उद्योग. ते लाकूड काडीसारखं तुटतं, दोर कुठे अडकवायचा हे पुस्तकातून कळत नाही. आणि प्रमाणपत्र कायमचं नसतं. तीन वर्षांत तीस तासांच्या आसपास नवं शिक्षण घ्या, नाहीतर पुन्हा परीक्षा. शायगोंनंतर ही अट हवीच होती.

महाराष्ट्रात शहरी झाडांसाठी १९७५ पासून कायदा आहे, वृक्ष प्राधिकरणं आहेत, आणि २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा मानही मिळाला. परवानगी कुणी द्यायची ते कायदा नीट सांगतो. करवत कुणाच्या हाती द्यायची, याबद्दल तो गप्प आहे. म्हणून पावसाळ्यापूर्वी सोसायटीच्या आवारात छाटणीची माणसं येतील तेव्हा खाली उभं राहून तीन गोष्टी बघा. फांदी बुडाशी फुगीर कडा राखून कापताहेत का. जड फांदी आधी खालून थोडी कापून मग वरून उतरवताहेत का, म्हणजे खोडाची साल सोलली जाणार नाही. शेंडा उडवून झाड बोडकं करत नाहीत ना. यातलं एक जरी चुकत असेल तर काम थांबवा, आणि पुढच्या वर्षीच्या निविदेत कापणाऱ्याच्या प्रशिक्षणाची अट घालायला लावा.