चर्चच्या आवारातली शाळा

1512 सालच्या एप्रिलमध्ये अफोंसो द आल्बुकेर्कने पोर्तुगालच्या राजाला लिहिलेल्या पत्रात एक बारीकशी नोंद आहे. तोफा, गलबतं आणि मिरी यांच्या गर्दीत ती सहज नजरेतून सुटावी. कोचीनमध्ये त्याला एक पेटी मिळाली. आत मुलांना अक्षरओळख आणि प्रार्थना शिकवायच्या पुस्तिका होत्या. महाराजांनी त्या काही पेटीत कुजण्यासाठी पाठवल्या नसाव्यात, असा चिमटा काढून तो पुढे कळवतो, की तिथल्याच एका संसारी माणसाला त्याने मास्तर नेमलं आहे आणि शाळेत शंभरेक पोरं येतात. पोरं तल्लख आहेत, शिकवलेलं चटकन उचलतात, अशी शिफारसही त्याने जोडली आहे.

गोवा त्याने जेमतेम दीड वर्षापूर्वी जिंकला होता. तिथे पोर्तुगीजांचं राज्य पुढे 1961 पर्यंत टिकलं आणि चर्चला जोडून मुलांची शाळा चालवायची रीत त्या राज्यालाही पुरून उरली. या शाळेत कोणत्या भाषेत शिकवायचं, यावर मात्र साडेचारशे वर्षांत धड एकमत झालं नाही. धर्मगुरू एक म्हणत, व्हाइसरॉय दुसरं म्हणे, आणि मुलं घरी तिसरंच बोलत.

फ्रान्सिस झेवियर 6 मे 1542 रोजी गोव्यात उतरला, तेव्हा त्याने या भानगडीत न पडता सोपा उपाय काढला. हातात घंटा घेऊन तो गल्लीबोळांतून फिरायचा आणि पोरांना हाक मारून गोळा करायचा. मग सगळी वरात एका चर्चमध्ये नेऊन प्रार्थना, श्रद्धेची कलमं आणि दहा आज्ञा एका सुरात म्हणवून घ्यायचा. कित्येकदा तीनशेहून जास्त मुलं जमतात, असं त्याने त्याच वर्षी युरोपातल्या सोबत्यांना कळवलं. पुस्तकांची गरज नव्हती. चालीत बसवलेलं पोरांच्या तोंडी बसे, पोरांकडून ते घरी जाई आणि आयांच्या कानावर पडे. गोव्यातला ख्रिस्ती प्राथमिक वर्ग असा सुरुवातीपासूनच अर्धा रस्त्यावर भरत आला.

पुस्तकं आली ती चौदा वर्षांनी. 1556 मध्ये गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात छापखाना उभा राहिला. हिंदुस्थानातला हा पहिलाच. 1557 मध्ये त्यावर झेवियरची ‘दोत्रिना’, म्हणजे मुलांना आणि नवख्रिस्तींना धर्म शिकवण्याची पुस्तिका, छापली गेली. झेवियर तेव्हा हयात नव्हता. देशाच्या मुद्रणाची सुरुवात बालवर्गाच्या पुस्तकाला इतकी खेटून झाली, याचं कौतुक आपल्याकडे कमीच होतं.

मराठी वाचकाचा या कथेशी संबंध येतो तो फादर थॉमस स्टीफन्समुळे. जेझुइट धर्मसंघातला हा इंग्रज 1579 मध्ये गोव्यात आला आणि 1619 मध्ये वारला, तोपर्यंतची बहुतेक वर्षं त्याने गोव्यातल्याच साष्टीत काढली. त्याचं ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये रायतूरला छापलं गेलं. मराठी ओव्यांच्या त्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच एक प्रसंग आहे: चर्चमध्ये धर्मशिक्षणाचा वर्ग चालू असताना एक ब्राह्मण ख्रिस्ती पाद्रीला सांगतो, की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी वाचायला काहीतरी द्या. ज्याने मागितलं त्याची बाजू बिनतोड होती. त्या मागणीतून मराठीला एक मोठं काव्य मिळालं. साष्टीच्या पोरांसाठी मात्र स्टीफन्सने वेगळी भाषा धरली. त्याची ‘दोत्रिना’ 1622 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाली आणि ती कोकणीत आहे. गुरू आणि शिष्य यांच्या सवाल-जबाबात रचलेली, म्हणजे थेट वर्गात वापरण्याजोगी. थोरांना ऐकायला मराठी आणि लेकरांना शिकायला कोकणी, हा त्याचा हिशेब आजच्या शिक्षणतज्ज्ञालाही मान्य व्हावा.

राज्यकर्त्यांना तो मान्य नव्हता. 27 जून 1684 रोजी व्हाइसरॉय कोंद द आल्वोर याने फर्मान काढलं, की सगळ्यांनी तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावी आणि स्थानिक भाषा सोडावी. फर्मान कडक होतं. पण गावोगावच्या आज्या फर्मानं वाचत नसतात. कोकणी घरात राहिली, पोर्तुगीज कचेरीत आणि बड्यांच्या दिवाणखान्यात गेली, आणि चर्चमध्ये दोघींच्या डोक्यावर लॅटिन होतीच. 1759 मध्ये जेझुइटांना पोर्तुगीज मुलखातून हाकललं गेलं, 1835 मध्ये उरलेले धर्मसंघही गोव्यात बरखास्त झाले. इतकी उलथापालथ होऊनही गावचर्चची शाळा चालू राहिली, कारण ती मठांच्या भरवशावर नव्हतीच. अनेक गावांत तिचा खर्च चर्चचा निधी आणि गावकरी, म्हणजे पोर्तुगीज ज्याला कोमुनिदाद म्हणत ती गावाची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था, यांच्याकडून भागे. गावाला मिस्सेसाठी, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेसाठी, गायक हवे होते, सणाला वाजवणारे हवे होते. ते बाहेरून आणण्यापेक्षा गावातच घडवणं स्वस्त पडे.

म्हणून या शाळेतला खरा कर्ता माणूस पाद्री नव्हे, मेस्त्री. तोच वाद्यवृंदाचा प्रमुख, तोच चर्चमधल्या गायकांचा म्होरक्या आणि तोच पोरांचा मास्तर. शाळा पाद्रीच्या घराच्या पडवीत नाहीतर चर्चच्या एखाद्या खोलीत भरायची. थोडं वाचन, थोडं लेखन, पाठ करायच्या प्रार्थना. आणि मग सोल्फा.

सोल्फाचा तास म्हणजे वाद्याशिवायचं संगीत. आठ-नऊ वर्षांचा पोरगा बाकावर बसतो, समोर मेस्त्रीने हाताने उतरवलेला पाच रेघांचा कागद. उजवा हात हवेत चालतो: खाली, डावीकडे, उजवीकडे, वर. या चार मात्रांच्या चौकटीत प्रत्येक स्वराचं नाव नेमक्या उंचीला आणि नेमक्या लांबीला उच्चारायचं. आपल्याकडच्या गायकाला सा कुठल्याही पट्टीत धरता येतो. मेस्त्रीचा ‘दो’ जागचा हलत नाही. पेटीवर जिथे असेल तिथेच तो कायम. म्हणून कागदावरचा ठिपका पाहिला की तो नेमका किती उंच, हे कानाला आधीच कळावं लागतं. चुकलं की वेताची छडी. कित्येक महिने असं केवळ तोंडाने घोटल्यावरच रेबेक, म्हणजे व्हायोलिन, हातात मिळायचं. अक्षरओळख अर्धवट राहिलेली पोरंसुद्धा स्वरलिपी घडाघडा वाचायची. मुलींना हा वर्ग बहुतेक ठिकाणी बंदच होता. बड्या घरच्या मुली घरी पियानो शिकत, बाकीच्या चर्चमध्ये ऐकून ऐकून गात.

शिकलेलं पारखलं जाई ते बाहेर. या शाळेच्या सहली म्हणजे गावच्या वेशीवरचे, वाटेवरचे, टेकडीवरचे क्रूस. पावसाळ्याआधी, विशेषतः मे महिन्यात, एकेका क्रूसापाशी संध्याकाळी लदीन व्हायची. क्रूसाला चुना लागे, फुलांचे हार चढत, मेणबत्त्या लावल्या जात. मेस्त्री आपली पोरं आणि एक-दोन रेबेक घेऊन येई. लदीन म्हणजे मारियामातेच्या नावांची लॅटिन माळ: एक नाव पुढच्यांनी घ्यायचं, ठरलेला प्रतिसाद जमावाने द्यायचा. पोरांचे दोन गट पडत, पहिला आवाज आणि त्याच्या खाली तिसऱ्या स्वरावर चालणारा दुसरा आवाज. रेबेकही तशीच दोन वाटांनी चालत. उघड्यावर, वाऱ्यात, मेणबत्तीच्या उजेडात सूर सोडायचा नाही, हीच परीक्षा. लॅटिनचा अर्थ फारच थोड्यांना लागे. सूर मात्र एकाचाही चुकलेला मेस्त्रीला चालत नसे.

लदीन संपली की उकडलेले चणे, वर खोबऱ्याचे काप. मोठ्यांना फेणी. पोरांच्या दृष्टीने चण्यांचा द्रोण हीच फी होती, आणि कोणत्या क्रूसाचा यजमान हात सैल सोडतो हे त्यांना पक्कं ठाऊक असायचं.

उपवासकाळात बाज बदले. येशूच्या दुःखसहनावर गोव्यातच रचलेली लॅटिन मोतेत गाणी तेव्हा गायली जात, आणि क्रूस वाहणाऱ्या येशूची मूर्ती मिरवणुकीने गावातून फिरे. तिथे एका मुलीला अचानक सगळ्यांच्या पुढे यायची संधी मिळे. ती वेरोनिका होई: उंचावर उभी राहून येशूचा चेहरा उमटलेलं कापड हळूहळू उलगडायचं आणि एकटीने लॅटिन गायचं. वर्षभर बाकावर जागा नसलेल्या मुलीकडून ऐन वेळी इतकी अपेक्षा करणारी ही व्यवस्था विचित्रच म्हणायची.

चर्चला गायक हवे होते. त्याच्या शाळेच्या हातून वादक घडले. एकोणिसाव्या शतकात गोव्यात पोटापाण्याची सोय आटत गेली तसे गोंयकार ब्रिटिश मुलखात निघाले. कुणी आचारी, कुणी खलाशी, कुणी कारकून. आणि ज्याने सोल्फा घोटला होता त्याला लष्करी बँड, संस्थानिकांचे बँड, हॉटेलं, बोटी सगळीकडे दार उघडं. मुंबईत धोबीतलाव आणि माझगाव भागात गावागावांचे कूड उभे राहिले. एका गावच्या माणसांनी मिळून भाड्याने घेतलेली ही राहायची जागा. आत पत्र्याच्या ट्रंकांची रांग, भिंतीशी वेदी, रोज संध्याकाळी रोझरी. पडवीतल्या शाळेत पाठ केलेल्या प्रार्थना इथे पुन्हा एका सुरात म्हटल्या जात.

मूकपटांच्या काळात थिएटरात पडद्याखाली बसून वाजवणारे यांतलेच काही होते. बोलपट आल्यावर त्यांची गरज आणखी वाढली, आणि त्याचं कारण साधं होतं. संगीतकार पेटीवर चाल बांधे; पण वीस-तीस व्हायोलिनांना एकाच क्षणी एकच स्वर उचलायला लावायचा तर कागद हवा, तो लिहिणारा हवा आणि समोर आल्याबरोबर वाचणारेही हवेत. हे सगळे एकगठ्ठा मिळायचे ते गोव्याच्या गावशाळांतूनच. बार्देशातल्या हळदोण्यात 1916 मध्ये जन्मलेला आंतोनियो झेवियर वाझ मुंबईत ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट म्हणून गाजला. सी. रामचंद्रांसारख्या अस्सल मराठी संगीतकाराच्या ‘अलबेला’ (1951) मध्ये जॅझचा जो झणका आहे, त्यात त्याचा मोठा हात; पडद्यावरही तो दिसतो. शंकर-जयकिशन यांच्या वाद्यवृंदाची बांधणी वर्षानुवर्षं सेबास्तियन डिसोझांनी केली.

अँथनी गोन्साल्विस यांची गोष्ट तर या शाळेचा उघड पुरावा. 1927 मध्ये साष्टीतल्या माजोर्ड्यात जन्म, वडील तिथल्या चर्चचे गायकप्रमुख. शिकवणी घरातच. मुंबईत येऊन ते व्हायोलिनवादक आणि संयोजक झाले. प्यारेलाल आणि आर. डी. बर्मन यांना त्यांनी व्हायोलिन शिकवलं. 1958 मध्ये त्यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात भारतीय रागांवर रचलेली सिम्फनी सादर केली. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे होते. प्यारेलालनी पुढे ‘अमर अकबर अँथनी’ (1977) मधल्या गाण्यात गुरूचं नाव गुंफलं. ते गाणं गुणगुणणाऱ्या बहुतेकांना वाटतं, की हे नाव पटकथेतलं आहे.

गावात मात्र मेस्त्री मागे पडू लागला होता. 1910 मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आलं आणि सरकारी शाळांतून धर्मशिक्षण बाहेर गेलं. संगीत शिकायचं तर शहरात जावं असा प्रघात हळूहळू पडला. लोटलीचे आंतोनियो द फिगेरेदो यांनी 1952 मध्ये पणजीत संगीत अकादमी काढली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, 1960च्या दशकात, मिस्सा कोकणीत होऊ लागली. लॅटिन म्हणणाऱ्या पोरांची गरज संपली.

भाषेचं भांडण तेवढं संपलं नाही. 1961 नंतर मुख्यमंत्री दयानंद बांदोडकरांच्या सरकारने खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा काढल्या. चर्चच्या शाळा इंग्रजीकडे वळल्या. 1990 मध्ये सरकारने ठरवलं, की प्राथमिक शाळेचं अनुदान मातृभाषेतल्या शिक्षणालाच मिळेल, आणि चर्चच्या शाळांना पहिली ते चौथी कोकणी माध्यम घ्यावं लागलं. त्यात एक गंमत होती. शाळेतलं कोकणी पुस्तक देवनागरीत, तर चर्चमधलं प्रार्थनेचं पुस्तक रोमी लिपीत. तेच पोर सकाळी एका लिपीत कोकणी वाचे आणि रविवारी दुसऱ्या लिपीत. 2011 मध्ये धोरण फिरलं, इंग्रजी माध्यमालाही अनुदान खुलं झालं आणि चर्चच्या बहुतेक शाळा पुन्हा इंग्रजीत गेल्या. त्या विरोधात मातृभाषावाल्यांची आंदोलनं झाली. रविवारचं दोतोर्न, म्हणजे धर्मशिक्षण, गावोगाव अजून मुख्यतः कोकणीतच चालतं, आणि मे महिन्यातल्या लदिनीला हल्ली शहरातल्या क्लासात व्हायोलिन शिकणारी मुलं सुटीपुरती येऊन वाजवतात. त्यांत आता मुलीही असतात.