केपटाऊनचे कोकणी

लोणारच्या उर्दू शाळेत आम्ही इतिहास शिकवतो. दक्षिण आफ्रिका म्हटले की मुलांना गांधीजी आठवतात. तिथे मराठी मुलखातले मुसलमानही गेले होते, हे आम्हाला बी.एड. होईपर्यंत कोणी सांगितले नव्हते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतले कोकणी मुसलमान केपटाऊनला जाऊ लागले. (कुलाबा म्हणजे आजचा रायगड, मुंबईतला कुलाबा नव्हे.) नाताळच्या गिरमिटियांसारखे करारावर नव्हे, तर तिकिटाचे पैसे स्वतः जमवून. कोणी फेरीवाला झाला, कोणी दुकानात नोकर, कोणी मजूर. बायकामुले बहुधा गावीच राहिली. परमुलखात ही माणसे जमली ती गावाच्या नावाने. मोर्बेवाला मोर्बेवाल्याला धरून राही, फुरूसचा फुरूसवाल्याला. नव्याला निवारा, बेकाराला काम, मयताला माती, हे सारे गाववाल्यांनीच पाहायचे. सूफी साहेब म्हणून ओळखले जाणारे कोकणी बुजुर्ग 1895 मध्ये डर्बनला पोहोचले. केपटाऊनची हबीबिया मशीद त्यांच्याच प्रयत्नातून 1905 मध्ये उभी राहिली.

अशा मंडळ्या इतरांनीही काढल्या. 1849 मध्ये सोन्यामागे कॅलिफोर्नियाला धावलेल्या अमेरिकनांपैकी बरेचजण पुढे घरी परतले. त्यांतल्या न्यू इंग्लंडकडच्या म्हाताऱ्यांनी आपली संस्था काढली आणि 1890 मध्ये बोस्टनहून आगगाडीने महिनाभर तो जुना मुलूख पुन्हा पाहून आले. हौस होती, अडवणारे कोणी नव्हते.

आमच्या कोकण्यांना मात्र स्वतःच्या घरी यायलाही परवाना लागे. केपच्या 1906 च्या कायद्याने हिंदी माणसाला ठरावीक मुदतीपुरते बाहेर जाता येई. परवान्यावर फोटो, हाताचे ठसे. मुदत टळली की परतीचा हक्क बुडाला. आई आजारी आहे, शेत गहाण पडले आहे, पावसात बोट चुकली, अशी कारणे दफ्तराला समजत नसत. म्हणजे बिचाऱ्याने वतनात रमायचे तेही तारखा मोजत.

त्या अर्जांच्या फाइली केपटाऊनच्या दफ्तरखान्यात आहेत, त्यामुळे त्या माणसांचे चेहरे तरी उरले. जी बाई जहाजावर कधी चढलीच नाही, तिची फाइल कुठून असणार?

आमच्या वर्गातल्या अनेकांचे वडील मुंबई-पुण्याला कामाला असतात. यंदा आम्ही मुलांना सांगितले, घरी दादीला विचारा, दादा कुठे कमवायला गेले होते, किती वर्षांनी आले. दुसऱ्या दिवशी एक मुलगी म्हणाली, "सर, दादी बोलीच नहीं. फक्त पेटी उघडून दाखवली."