महालातली ज्वारीची भाकर

अठराव्या शतकात रघूजी भोसल्यांनी नागपूर राजधानी केली, तेव्हा त्यांच्या वाड्याभोवती महाल ही वस्ती वसली. आसपासच्या वऱ्हाड-नागपूर मुलखाचे रोजचे अन्न तेव्हा ज्वारीची भाकर होती; गव्हाची पोळी सणासुदीला होई. ज्वारीत गव्हातले ग्लुटेन, म्हणजे पिठाला ताण देणारे प्रथिन, नाही, म्हणून पीठ ताणले जात नाही. गरम पाण्यात मळून ते हातानेच थापायचे. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली की भाकर चिरते. भाकर थापण्याचे हे कसब खरोखर मोलाचे.

१९५० मध्ये डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी सीलिॲक या आतड्याच्या रोगाचे मूळ गव्हात असल्याचे दाखवले; या रोगात ग्लुटेन बाधते. अशा रुग्णाला ज्वारी चालते. ज्यांना ग्लुटेन बाधत नाही, त्यांना ते टाळून वेगळा लाभ नाही. त्यांच्यासाठी ज्वारीचा गुण तिच्या तंतुमय घटकांत आहे. सीलिॲकच्या रुग्णाचे दळण मात्र गव्हाच्या चक्कीवर देऊ नये; त्यात गव्हाचे पीठ मिसळते.