फेरविचार याचिका : अ‍ॅट्रॉसिटीच्या निकालातून काय शिकावे?

सर्वोच्च न्यायालयात अपिलाचा निकाल विरोधात गेला की 'आता संपलं' म्हणून आपण फाइल बांधून ठेवतो. संविधानाचे कलम १३७ मात्र या न्यायालयाला स्वतःचा निकाल पुन्हा तपासण्याचा अधिकार देते. तीच फेरविचार याचिका.

आपल्या जवळचे उदाहरण घेऊ. कराडच्या शासकीय औषधनिर्माण महाविद्यालयातील कर्मचाऱ्याच्या तक्रारीचे प्रकरण. मुंबई उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द करण्यास नकार दिला. त्यावरील अपिलात २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी अटकेपूर्वी वरिष्ठांची परवानगी आणि गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी असे निर्देश दिले. २ एप्रिलला भारत बंद झाला, माणसे मेली. त्याच दिवशी केंद्र सरकारने फेरविचार याचिका दाखल केली. बंद सर्वांना आठवतो, याचिका फारशी कुणाला आठवत नाही.

ऑगस्ट २०१८ मध्ये संसदेने कलम १८-अ घालून चौकशी व परवानगीची अट काढली. तरी निकाल कागदावर होताच. अखेर १ ऑक्टोबर २०१९ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तिसरा व चौथा निर्देश मागे घेतला; त्यांच्यासोबत पाचवाही गेला. दलित-आदिवासींच्या तक्रारी खोट्याच असतात असे गृहीत धरणे मानवी प्रतिष्ठेविरुद्ध आहे आणि असे निर्देश देणे हे कायदेमंडळाचे काम आहे, ही त्यामागची मुख्य कारणे. अटकपूर्व जामिनाबाबतचा दुसरा निर्देश मात्र मागे घेतलेला नाही, हे भाषणांत सहसा सांगितले जात नाही.

आता व्यवहाराचे. मुदत निकालापासून ३० दिवस. याचिका शक्यतो त्याच न्यायमूर्तींपुढे जाते आणि बहुधा वकिलांचा युक्तिवाद न ऐकता, त्यांच्या दालनातच निकालात निघते. जुनेच मुद्दे पुन्हा मांडून उपयोग नाही. दिवाणी प्रकरणात निकालातील उघड चूक, पूर्वी प्रयत्न करूनही न मिळालेला पुरावा किंवा तसेच पुरेसे कारण लागते. फौजदारीत फक्त उघड चूक. याचिका फेटाळली तर क्युरेटिव्ह याचिका उरते, पण तिला ज्येष्ठ वकिलाचे प्रमाणपत्र लागते आणि यश विरळाच.

कार्यकर्त्यांची हमखास चूक उच्च न्यायालयात होते. तिथे फौजदारी निकालावर सही झाली की लेखनातली चूक सोडून त्याच न्यायालयाला तो बदलता येत नाही. तिथे फेरविचारात महिने घालवू नयेत, थेट सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका करावी. निकालाची प्रमाणित प्रत मात्र पहिल्याच दिवशी मागावी.