फोनला टिचकी मारणारं माकड

मोबाईलवरचं एखादं ॲप बाजारात येण्याआधी त्यावर हजारो वेळा टिचक्या मारून, बोटं फिरवून ते तपासलेलं असतं. पण ती बोटं बहुतेक वेळा कुणाचीच नसतात! इकडे कॅलिफोर्नियात आमच्या धंद्यात हे रोजचंच, पण तिकडच्या मित्रांना सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "म्हणजे रोबो लावता का?" नाही हो. रोबोच्या आधी एक माकड आलं. त्याचीच ही गोष्ट.

१९८३ साल. ॲपलचा मॅकिन्टॉश संगणक तयार होत होता. मेमरी फक्त १२८ किलोबाइट. त्यात मॅकराइट आणि मॅकपेंट हे प्रोग्राम कसेबसे मावत आणि मेमरी संपली की कोलमडत. स्टीव्ह कॅप्स नावाच्या प्रोग्रामरकडे एक सोय होती. नव्या गिऱ्हाइकांना संगणक आपोआप चालवून दाखवण्यासाठी माऊस आणि कीबोर्डच्या हालचाली आतूनच पुरवायची. त्याच्या डोक्यात आलं, ठरलेल्या हालचालींऐवजी वाट्टेल त्या पुरवल्या तर? झालं! कुणी चिडलेलं माकड माऊस आपटतंय असा मॅक चालू लागला. प्रोग्रामचं नावही पडलं 'मंकी'. लपलेले दोष भराभर बाहेर आले.

पण हे माकड कधी ना कधी 'क्विट'वर टिचकी मारायचं आणि तपासणीच बंद पडायची. मग बिल ॲटकिन्सनने सुचवलं, मेमरीत एक खूण ठेवा. सध्या माकड चालू आहे एवढंच ती सांगेल, आणि प्रोग्राम 'क्विट' टाळतील. खुणेचं नाव 'मंकीलिव्ज'.

यातला मुद्दा असा की प्रोग्रामला स्पर्श कधी होतच नाही. त्याच्यापर्यंत पोचतो तो फक्त निरोप, 'अमुक ठिकाणी टिचकी पडली'. तो बोटाने पाठवला की दुसऱ्या प्रोग्रामने, हे त्याला निरोपावरून कळेलच असं नाही.

२००७ साली आयफोन आला, २००८ साली अँड्रॉइडचा पहिला फोन. माऊस एकच असतो, बोटं दहा. शिवाय बोटाच्या भाषेत वेळेला फार महत्त्व. यादीवर खालून वर बोट झटकन नेलं तर यादी सुसाट पळते. तेच अंतर सावकाश कापलं तर ती बोटाबरोबर चालते. आधी अर्धा सेकंद दाबून धरलं तर अनेक ॲपमध्ये ओळच उचलली जाते. दोन टोकं तीच, अर्थ तीन! म्हणजे यंत्राला नुसतं 'इथून तिथे सरकव' सांगून भागत नाही.

अँड्रॉइडच्या साधनांमध्येही 'मंकी' आहेच. आणि २०१० च्या अँड्रॉइड २.२ मध्ये 'इज यूजर अ मंकी' नावाचं फंक्शन आलं. वापरणारा माकड आहे का, असं ॲप चक्क विचारू शकतं! मॅकमधल्या त्या खुणेचीच ही पुढची पिढी म्हणायची.

माकड ॲप पाडून दाखवतं, पण तिकीट नीट काढता येतं का हे सांगू शकत नाही. त्यासाठी नेमकी बोटं लागतात. ॲपलने २०१० मध्ये स्वतःचं साधन दिलं, पण ते ॲपलच्याच पद्धतीने वापरावं लागे. झूस्क कंपनीत तपासणी सांभाळणाऱ्या डॅन क्वेयारने २०११ मध्ये त्यावर तोडगा काढला आणि २०१२ मध्ये लंडनच्या सेलेनियम परिषदेत दाखवला. ब्राउझर आपोआप चालवणारं सेलेनियम २००४ मध्ये सुरू करणारा जेसन हगिन्स त्याला येऊन मिळाला, आणि त्यातून 'ॲपियम' उभं राहिलं. या हगिन्सने अँग्री बर्ड्स खेळणारा खराखुरा रोबोही बनवला होता, तेव्हा मित्रांचा प्रश्न अगदीच चुकीचा नाही!

तरी प्रत्येक साधनाचे शब्द वेगळे. २०१८ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने वेबड्रायव्हरचं प्रमाण मंजूर केलं. त्यात 'सरकव' नाही की 'चिमटा काढ' नाही. बोट टेक, हलव, थांब, उचल, एवढंच. प्रत्येक बोटाची ओळ वेगळी आणि सगळ्या ओळी एका ठेक्यात पुढे जातात. तबल्याच्या दोन हातांचे बोल वेगळे, मात्रा एकच, तसं. चिमट्यासाठी अशा दोन ओळी पुरतात.

आता तुमच्या-आमच्या खिशातली गोष्ट. ज्यांचे हात चालत नाहीत त्यांच्यासाठी 'ॲक्सेसिबिलिटी'ची परवानगी मिळालेलं ॲप अँड्रॉइडवर स्वतः बोट फिरवू शकतं. ही मुभा २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून आहे. अशा माणसांना त्यामुळे फोन स्वतः वापरता येतो. पण त्याच दारातून चोरही शिरले. बँकेचं ॲप उघडून पैसे पाठवणारं 'बोट' मालकाचं नसतंच. २०२२ च्या अँड्रॉइड १३ मध्ये गूगलने बाहेरून टाकलेल्या ॲपना ही परवानगी सहजी मिळणार नाही अशी आडकाठी घातली. पण आडकाठीच ती, फसवणारा गोड बोलून ती आपल्याच हातून काढून घेतो.

कॅप्सचं माकड प्रामाणिक होतं, स्वतःची खूण ठेवून यायचं. हे नवं माकड खूण ठेवत नाही. तेव्हा व्हॉट्सॲपवर आलेल्या लग्नपत्रिकेच्या किंवा वीजबिलाच्या 'ॲप'ने ॲक्सेसिबिलिटी मागितली, तर ते तुमचं बोटच मागतंय असं समजा. आणि घरातल्या आजी-आजोबांनाही हे एवढं सांगून ठेवा.